एक लाख पस्तीस हजारांची वॅगन-आर

प्रश्न : मी कराड तालुक्यातील एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कराडला न्यावे लागते. जाऊन-येऊन अठ्ठावीस किलोमीटर होतात. मिस्टर नोकरीनिमित्त पुण्याला असतात. माझ्याकडे वाहन चालवण्याचा परवाना आहे आणि हातही बसला आहे. जवळ एक लाख साठ हजार रुपये आहेत, कर्ज काढायचे नाही. सांगली पासिंगची, ऑक्टोबर 2012 ची पेट्रोल वॅगन-आर एक लाख पस्तीस हजारांना सांगितली आहे. रनिंग बासष्ट हजार दाखवते. एजंट म्हणतो, ‘दहा हजार इसार आज द्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे, आरसी नावावर सावकाश करू.’ दीर म्हणतात, तेवढ्याच पैशांत डिझेल स्विफ्ट येते, ॲव्हरेज मिळेल. मला गाडीतले काही कळत नाही. काय करावे? – एक शिक्षिका, कराड तालुका

उत्तर : ताई, तुमच्या प्रश्नांपैकी एकाचे उत्तर लगेच देता येते. आज इसार देऊ नका. ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ हे वाक्य जुन्या गाड्यांच्या बाजारात रोज सकाळी दुकान उघडताना म्हटले जाते. आणि ते गिऱ्हाईक खरोखर येऊन गाडी घेऊन गेले, तरी या वयाच्या पेट्रोल वॅगन-आर कराड, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात सतत विकायला येतच असतात. गाडीची निवड मात्र तुमची चुकलेली नाही. 2010 नंतरच्या वॅगन-आरमध्ये 998 सीसीचे तीन सिलिंडरचे के-सिरीज इंजिन आहे, त्यात टायमिंगसाठी पट्ट्याऐवजी साखळी आहे, म्हणजे ठरावीक किलोमीटरनंतर पट्टा बदलण्याचा खर्च आणि तो वाटेत तुटण्याची धास्ती, दोन्ही नाहीत. शिवाय तिचे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात आणि तिच्यावर हात बसलेला मेस्त्री शोधावा लागत नाही.

अडचण आहे ती तुमच्या हिशेबात. एक लाख साठ हजारांतले एक लाख पस्तीस हजार गाडीला दिले, की उरलेल्या पंचवीस हजारांत नाव बदलणे, विमा, पहिली मोठी सर्व्हिसिंग आणि बहुधा चार टायर किंवा बॅटरी हे सगळे बसवावे लागेल, आणि ते बसत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या कोणत्याही गाडीवर पहिल्या दोन-तीन महिन्यांत वीस ते तीस हजार रुपये घालावेच लागतात, हे गृहीत धरूनच बाहेर पडावे. तुमच्या बाबतीत तर डायलिसिसची वेळ ठरलेली असते, त्या सकाळी गाडी चालू झाली नाही तर मशीनची पाळी जाते. तेव्हा ‘जमेल तेव्हा करू’ म्हणून काम मागे ठेवण्याची सवलत तुम्हाला नाही. म्हणून गाडीसाठी एक लाख दहा, फार तर एक लाख पंधरा हजार, आणि बाकीचे पैसे वेगळ्या पाकिटात.

दिरांचा सल्ला मनापासूनचा असला तरी तुमच्या उपयोगाचा नाही. तुमचे महिन्याचे चालणे शाळा धरून चारशे किलोमीटरच्या आसपास जाईल, म्हणजे वर्षाला सुमारे 4,800. पेट्रोल गाडीने लिटरला पंधरा आणि डिझेलने अठरा किलोमीटर दिले असे धरले, तर वर्षाला 320 लिटर पेट्रोल किंवा 267 लिटर डिझेल लागते. पेट्रोल शंभराच्या थोडे वर आणि डिझेल नव्वदच्या आसपास धरून वर्षाची बचत आठ-नऊ हजारांवर जात नाही. जुन्या डिझेलचा टर्बो किंवा इंजेक्टर एकदा कामाला आला, की अशी दोन-तीन वर्षांची बचत एका दुपारी संपते. शिवाय दीड लाखात मिळणारी डिझेल स्विफ्ट बहुतेक वेळा दीड-दोन लाख किलोमीटर धावलेली असते, कारण डिझेल घेणारा माणूस ती धावडवण्यासाठीच घेतो. मोठ्या, आरामशीर सेदान याच पैशांत दिसतील, त्यांचाही मोह टाळा. शेव्हरोलेने 2017 मध्ये भारतातली विक्री थांबवली आणि फोर्डने 2021 मध्ये येथील उत्पादन बंद करण्याची घोषणा केली, त्या गाड्या स्वस्त होण्याचे ते एक मोठे कारण आहे, आणि दिव्याच्या एका काचेसाठी पंधरा दिवस थांबण्याइतका वेळ तुमच्याकडे नाही.

आता ‘आरसी सावकाश करू’ या वाक्याकडे येऊ, कारण सगळ्या व्यवहारात मला सर्वांत जास्त खटकले ते हेच. मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यात गाडी विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरण परिवहन कार्यालयाला कळवायचे असते. त्यासाठीचे नमुना 29 आणि नमुना 30 हे अर्ज बाजारात ‘टीटीओ’ म्हणून ओळखले जातात. होते असे, की मूळ मालक कोऱ्या टीटीओवर सह्या करून गाडी एजंटाच्या हवाली करतो, एजंट ती आणखी कोणाला देतो, आणि आरसीवर नाव राहते पहिल्याचेच. अपघात झाला तर जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केले आहे, त्यामुळे घाई खरे तर विकणाऱ्याला असायला हवी. पण तुमच्या बाजूनेही पाहा: नावावर नसलेल्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा विमा तुम्हाला मागता येत नाही, ती पुढे विकता येत नाही, आणि मधल्या काळात मूळ मालक गाव सोडून गेला किंवा वारला, तर तुम्ही वारसांच्या दारात सहीसाठी उभ्या राहाल.

म्हणून एजंटाला स्वच्छ सांगा, की आरसीवर ज्याचे नाव आहे त्याला समोर बसवा. मूळ आरसी आणि त्याचे ओळखपत्र एकमेकांशेजारी ठेवून नाव वाचा, बोनेट उघडून चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक आरसीवरच्या क्रमांकांशी अंकाला अंक लावून जुळवा, आणि मोठी रक्कम त्या मालकाच्याच बँक खात्यात भरा. एजंटाला त्याचे कमिशन वेगळे द्यावे, त्यात कमीपणा नाही. गाडीवर कर्जाचा बोजा चढलेला असेल तर तो आरसीवर दिसतो, आणि बँकेचे नाहरकत पत्र व बोजा उतरवण्यासाठीचा नमुना 35 हातात आल्याशिवाय कर्ज फिटले या तोंडी शब्दाला किंमत देऊ नये. एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकल्यास नोंदणीची तारीख, विम्याची आणि पीयूसीची मुदत कळते. ई-चलनाची थकबाकीही ऑनलाइन पाहता येते, ती विकणाऱ्याने व्यवहाराआधी भरायची. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असल्याने तिला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवलेली आहे का, हेही त्याच भेटीत बघून घ्या.

एक तारीख वहीत लिहून ठेवा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे या गाडीची मुदत ऑक्टोबर 2027 मध्ये संपते. ती पुढे पाच वर्षांसाठी वाढवता येते, पण त्यासाठी गाडीची तपासणी होते, 2022 पासून मोटारीचे नूतनीकरण शुल्क पाच हजार रुपये आहे, आणि त्यावर पर्यावरण कर वेगळा. मुदत संपण्याआधी साठ दिवसांत हा अर्ज करता येतो. भाव करताना हा खर्च विकणाऱ्याला आठवण करून द्यायचा. तो स्वतःहून ती आठवण काढणार नाही.

विम्याबद्दल थोडक्यात. हस्तांतरणानंतर चौदा दिवसांत विमा कंपनीकडे नाव बदलण्यासाठी अर्ज करा. त्रयस्थ पक्षाचा, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचा, विमा गाडीबरोबर तुमच्याकडे आपोआप येतो, स्वतःच्या नुकसानीचा येत नाही. आणि दावा न केल्याबद्दलची सवलत, म्हणजे बोनस, मालकाची असते, गाडीची नसते, त्यामुळे ‘पन्नास टक्के बोनस आहे’ हे ऐकून भाव वाढवू नका. हजार सीसीपर्यंतच्या गाडीला केवळ त्रयस्थ पक्षाचा वार्षिक हप्ता 2022 च्या दरपत्रकानुसार 2,094 रुपये अधिक कर इतका आहे. एवढ्या जुन्या गाडीला मी तेवढाच विमा आणि मालक-चालकाचे अपघात संरक्षण घेईन.

कागद पटले, की मगच गाडीकडे जायचे, आणि गाडी सांगलीची म्हटल्यावर पहिला प्रश्न पुराचा. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही पुरांत सांगलीत पाणी शिरले होते, आणि ही गाडी तेव्हा कोठे उभी होती हे तिच्या मालकालाच ठाऊक. गाडी साफ करून, सीट धुऊन, नवे मॅट टाकून आणली तर वरवर काहीच दिसत नाही. 2021 च्या दिवाळीत मी एका मित्रासाठी अशीच एक चकचकीत गाडी पाहायला गेलो होतो. आत अत्तराचा इतका भपकारा होता, की मला तिथेच शंका आली. ड्रायव्हरचा सीटबेल्ट मी सावकाश पूर्ण बाहेर ओढला. पहिले दोन हात पट्टा स्वच्छ काळा होता, आणि शेवटचा वीतभर भाग चहा गाळलेल्या फडक्यासारखा तपकिरी. ज्या रिळावर तो गुंडाळलेला असतो ते दाराच्या खांबात अगदी खाली असते, तिथपर्यंत पाणी चढले होते आणि तिथवर धुणाऱ्याचा हात पोचला नव्हता. तुम्हीही हेच करा. मग पुढची सीट मागे सरकवून तिच्या रुळांवरचा गंज पाहा, डिकीतला गालिचा उचलून स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा, मळकट बारीक गाळ लागतो का पाहा, आणि फ्यूजच्या डब्याचे झाकण उघडून आतल्या पितळी टोकांवर हिरवट बुरशी आहे का ते बघा. यांतले काहीही दिसले तर भाव पाडून घेण्याचाही विचार करू नका. पुरातली गाडी आज चालते आणि वायरिंग पुढच्या पावसाळ्यात एकेक करून दगा देते.

इंजिन पाहायला सकाळी जा, आणि आदल्या दिवशीच सांगून ठेवा की गाडी मी आल्याशिवाय चालू करायची नाही. गेल्यावर आधी बोनेटवर तळहात ठेवा. ते कोमट असेल तर काहीतरी झाकायचे म्हणून गाडी आधी तापवलेली असू शकते, अशा वेळी हसून परत या आणि दुसऱ्या दिवशी जा. थंड गाडी अर्ध्या किल्लीत चालू व्हावी. चालू झाल्यावर निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल खाते आहे. चालू गाडीतच ऑइलचे टोपण सैल करून उचला: थोडी वाफ चालेल, पण तिथून भकाभका धूर फेकत असेल तर त्याला मेस्त्री ‘बॅक मारते’ किंवा ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात, आणि त्याचा अर्थ इंजिन उघडावे लागणार, म्हणजे तुमचे वेगळे पाकीट त्यातच रिकामे होणार. टोपणाच्या आतल्या बाजूला लोण्यासारखा पांढरट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी जाते आहे का, अशी शंका घ्यायची. रेडिएटरचे टोपण मात्र गाडी थंड असतानाच उघडायचे. गरम असताना उघडाल तर उकळते पाणी तोंडावर येते, याबाबतीत कोणाच्याही आग्रहाला बळी पडू नका.

रनिंग बासष्ट हजार खरे असू शकते, कारण एखाद्या निवृत्त माणसाची गाडी तेवढीच चालते. पण मीटर मागे फिरवणे हे या धंद्यातले सर्वांत सोपे काम आहे. मीटरपेक्षा ब्रेक आणि क्लचच्या पॅडलवरचे रबर खरे बोलते. बासष्ट हजारांत ते झिजून गुळगुळीत होत नाही, आणि स्टीअरिंगही तेल लावल्यासारखे चमकत नाही. दाराच्या चौकटीवर किंवा बोनेटच्या कडेला जुने ऑइल बदलल्याचे स्टिकर राहून गेलेले असते. मी एकदा पंचावन्न हजार दाखवणाऱ्या गाडीत ‘पुढील सर्व्हिस 98,000’ असे लिहिलेले वाचले आहे. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार अंकही वाचायला शिका: 2319 म्हणजे 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी शाबूत असली तरी सात-आठ वर्षांचे टायर बदलायचेच, असे धरून चला.

अपघाताची गाडी ओळखणे नवख्याला अवघड आहे. एवढे पाहा, की बोनेट आणि मडगार्डच्या बोल्टवरचा रंग पान्याने खरवडलेला नाही ना, आणि सगळ्या काचांवरचा शिक्का एकाच कंपनीचा आहे ना. बाकीचे मेस्त्रीवर सोडा, आणि हा मेस्त्री तुमचा असू दे, एजंटाचा नको. शाळेतल्या ज्या सहकाऱ्याकडे बरीच वर्षे एकच जुनी गाडी आहे, त्याला विचारा की तो ती कोठे नेतो. त्या मेस्त्रीला गाडी बघण्याचे पाचशे-हजार रुपये आधीच हातात द्या. फुकट बघणारा माणूस घाईत बघतो. चाचणीला तुम्ही स्वतः चालवा, थोडा चढ आणि थोडा खराब रस्ता घ्या, एकदा रेडिओ बंद करून काचा खाली करा, आणि चढावर चौथ्या गिअरमध्ये इंजिन नुसतेच ओरडते आणि गाडी पुढे सरत नाही असे झाले तर क्लच प्लेट संपली म्हणून समजा. भावाच्या वेळी मेस्त्रीने सांगितलेली कामे कागदावर लिहून, त्यापुढे त्याचेच आकडे घालून, तो कागद शांतपणे पुढे सरकवा. बायकांना गप्प बसवू पाहणारे एजंटसुद्धा या पद्धतीने आकड्यांवर बोलू लागतात.

गाडी घरी आली की ‘सगळे मागच्याच महिन्यात बदलले आहे’ हे विसरून जा. इंजिन ऑइल आणि त्याचा फिल्टर, एअर फिल्टर, तिन्ही स्पार्क प्लग, कूलंट, ब्रेक ऑइल, गिअर ऑइल आणि वायपरची रबरे पहिल्या आठवड्यात बदलून घ्या, म्हणजे तारीख आणि किलोमीटर तुमच्या हातात येतात; ते एका शंभर पानी वहीत लिहा. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर ती बंद पडायची वाट पाहू नका. आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि 2012 ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, म्हणून पेट्रोलच्या रबरी नळ्या भेगाळल्या आहेत का तेही मेस्त्रीला याच वेळी बघायला सांगा. नळ्या बदलण्याचे काम लहान आहे आणि टाळण्यासारखे नाही.

आपल्याकडे जुन्या गाड्यांचा सर्वांत मोठा शत्रू बोअरचे पाणी आहे. कूलंट कमी झाले की कोणीतरी बादली आणतो आणि क्षारांनी भरलेले पाणी रेडिएटरमध्ये ओततो. वर्षभरात आत चुन्याचा थर बसतो, आणि मग एका मेमधल्या दुपारी तापमानाचा इशारा मिळतो. तो मिळाला तर दवाखाना दोन किलोमीटरवर असला तरी गाडी तिथेच बाजूला घेऊन बंद करा. हे इंजिन ॲल्युमिनियमचे आहे, त्या दोन किलोमीटरांत त्याचे हेड वाकू शकते. डिकीत पातळ केलेल्या कूलंटची एक बाटली कायम ठेवा.

दुसरा शत्रू उंदीर. उसाच्या फडाशेजारी उभी राहणारी गाडी म्हणजे त्यांना गरम इंजिनची खोली, आणि वायरीचे आवरण त्यांना कुरतडायला आवडते. लोक तंबाखूची पाने, डांबराच्या गोळ्या ठेवतात. माझ्या अनुभवात त्यापेक्षा रोज एकदा बोनेट उघडून पाहणे आणि आत शेंगदाण्याची फोलपटे किंवा गवताच्या काड्या दिसल्या की लगेच साफ करणे, हे जास्त कामाला येते. तेव्हाच काचेखालच्या जाळीत अडकलेला पालापाचोळाही काढा, नाहीतर पावसाचे पाणी पायाखाली उतरते. गळीत हंगामात रात्री उसाच्या ट्रॉल्या मागच्या दिव्यांशिवाय चालतात, तेव्हा हेडलाइटच्या पिवळ्या पडलेल्या काचा पॉलिश करून घ्या. काही शे रुपयांत काम होते.

शेवटची एक गोष्ट पैसे देण्याआधी करा. सासूबाईंना बरे वाटत असेल अशा दिवशी गाडीपाशी घेऊन जा, आणि त्यांना दोन-तीन वेळा बसायला-उतरायला सांगा. वॅगन-आरची सीट उंच असल्याने गुडघे फारसे वाकत नाहीत, म्हणून ती त्यांना मानवेल असे मला वाटते. पण डायलिसिसनंतर उतरताना त्यांना आधाराला दाराच्या वरची मूठ लागेल. ती मूठ जुन्या गाड्यांत हमखास मोडलेली किंवा सैल असते. तशी असेल तर व्यवहारातच बसवून मागा, आणि बरोबर दुसरी किल्लीही.